हेरकथेतला फसवला गेलेला माणूस

जानेवारी १९६३ मध्ये बैरूतमधल्या एका फ्लॅटमध्ये दोन जुने मित्र समोरासमोर बसले. निकोलस एलियट हा ब्रिटनच्या परराष्ट्र गुप्तहेर खात्यातला अधिकारी होता, तर किम फिल्बी हा त्याच खात्याचा माजी अधिकारी, आणि त्या काळात ब्रिटिश नियतकालिकांचा मध्यपूर्वेतील वार्ताहर. त्यांची मैत्री दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत जुळलेली. १९५१ मध्ये फिल्बीवर पहिल्यांदा संशयाची सावली पडली, तेव्हा खात्यात त्याची बाजू हिरिरीने मांडणाऱ्यांत एलियट आघाडीवर होता. पुढे वार्ताहराची नोकरी मिळवून देण्यातही त्याचा हात होता. फिल्बी जवळजवळ तीस वर्षे सोव्हिएत संघासाठी काम करत आला आहे, याची आता लंडनला खात्री पटली होती आणि त्याची कबुली घेण्यासाठी खात्याने एलियटलाच पाठवले होते. संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित करण्याची सोय केलेली होती, पण खिडकी उघडी राहिल्यामुळे रस्त्यावरच्या रहदारीच्या गोंगाटात त्यातला बराच भाग बुडाला. काही दिवसांनी, २३ जानेवारीच्या रात्री, फिल्बी बैरूतमधून नाहीसा झाला आणि थेट मॉस्कोत पोहोचला.

या प्रसंगात पिस्तूल नाही, पाठलाग नाही, कोणाच्या हाती कसली गुप्त फाइलही लागत नाही. तरीही साठ वर्षे उलटून गेल्यावर लेखक, नाटककार आणि इतिहासकार पुन्हा पुन्हा त्या खोलीत जाऊन बसतात आणि वाचक त्यांच्यामागे जातात. दुहेरी आयुष्याच्या हेरकथा आपल्याला का ओढून घेतात, याचे उत्तर मला या प्रसंगात दिसते. अशा कथेतले गुपित हे निमित्त असते. कथेचा खरा विषय असतो तो विश्वास. आणि निष्ठेची जी फूट आपल्याला अस्वस्थ करते, ती दोन देशांमधली क्वचितच असते. बहुतेक वेळा एका बाजूला ध्येय असते आणि दुसऱ्या बाजूला एक जिवंत, विश्वास टाकणारा माणूस असतो.

या आकर्षणाचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण वेगळे आहे. आपण सगळेच थोडेफार दुहेरी जगतो, कचेरीत एक आणि घरी एक असे वागतो, म्हणून गुप्तहेरात आपल्याला स्वतःचे रूप दिसते, असे म्हटले जाते. मला हे स्पष्टीकरण फार सोपे वाटते. साहेबाविषयीचा राग गिळून हसणारा कारकून आणि फिल्बी यांच्यात फरक आहे तो प्रमाणाचा नाही, जातकुळीचा आहे. कारकून आपले मन झाकतो. फिल्बी दुसऱ्याचा विश्वास जाणीवपूर्वक कमावतो, वर्षानुवर्षे जोपासतो आणि त्याचाच हत्यारासारखा वापर करतो. धोक्याचे किंवा वेषांतराचे थरार तर साध्या साहसकथेतही असतात. दुहेरी आयुष्याच्या कथेत आपण श्वास रोखतो, कारण जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्या मित्राला काही ठाऊक नाही आणि आपल्याला मात्र ठाऊक आहे.

फिल्बीचा जन्म १९१२ मध्ये अंबाल्याचा, वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये. हेरगिरीच्या खेळात ओढल्या गेलेल्या, हिंदुस्थानात वाढलेल्या पोराची किपलिंगची प्रसिद्ध कादंबरी तेव्हा घरोघर पोहोचलेली होती आणि तिच्या नायकावरून मुलाला ‘किम’ हे टोपणनाव पडले. केंब्रिजमध्ये शिकत असताना तो डावीकडे झुकला आणि १९३४ मध्ये सोव्हिएत हेरखात्याने त्याला हेरले. १९४० मध्ये तो ब्रिटिश गुप्तहेर खात्यात शिरला, आणि महायुद्ध संपण्याच्या सुमारास सोव्हिएत हेरांविरुद्ध काम करणाऱ्या विभागाचाच तो प्रमुख झाला होता.

१९४५ मध्ये इस्तंबूलमध्ये घडलेली घटना थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. कॉन्स्टन्टिन व्होल्कोव्ह नावाचा सोव्हिएत अधिकारी ब्रिटिश वकिलातीत आला. पैसे आणि आश्रय मिळाला, तर ब्रिटिश यंत्रणेत बसलेल्या सोव्हिएत हेरांची माहिती देण्याची त्याची तयारी होती; त्यांतला एक जण लंडनमध्ये प्रतिहेरगिरीच्या विभागाचा प्रमुख आहे, असेही तो म्हणाला. हे प्रकरण लंडनला ज्याच्या टेबलावर आले, तो फिल्बीच होता. स्वतःचेच नाव सांगू पाहणाऱ्या माणसाची भेट घेण्याची कामगिरी त्याने स्वतःकडे घेतली, मॉस्कोला खबर दिली, आणि प्रवासात होईल तितका वेळ काढत तो इस्तंबूलला पोहोचला. तोवर व्होल्कोव्ह आणि त्याची पत्नी यांना पट्ट्या गुंडाळलेल्या अवस्थेत स्ट्रेचरवरून विमानात चढवून मॉस्कोला नेले गेले होते. त्यानंतर त्यांचे काय झाले असेल, याविषयी कोणाच्या मनात शंका राहिली नाही.

फिल्बीने पुढे एका मुलाखतीत आपला बचाव मांडला तो असा, की विश्वासघात करायचा तर आधी आपण त्यांचे असावे लागते, आणि मी त्यांचा कधी नव्हतोच. या युक्तिवादात एक प्रकारची तार्किक धार आहे. विशीतच साम्यवादाला वाहून घेतलेल्या माणसाने ब्रिटिश राज्यसत्तेशी निष्ठा ठेवायला हवी होती, असे म्हणणे तितके सोपे नाही. फॅसिझम युरोप गिळत असताना त्याला जो पक्ष न्याय्य वाटला, त्या पक्षाकडे तो गेला. पण हे उत्तर राज्याला दिलेले आहे. एलियटला ते लागू पडत नाही, आणि एलिनॉरला तर मुळीच नाही. एलिनॉर ही त्याची तिसरी पत्नी. बैरूतमधल्या त्या रात्री ती एका मेजवानीत त्याची वाट पाहत होती. काही महिन्यांनी ती त्याच्यामागे मॉस्कोला गेली. मी आणि मुले तुला महत्त्वाची, की पक्ष, असे तिने त्याला विचारले तेव्हा त्याने पक्षाचे नाव घेतले. पुढे ती त्याला सोडून मॉस्कोतून निघून गेली. राज्याचा हिशेब आणि माणसाचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिल्या वहीत जमाखर्च जुळला, म्हणून दुसरी वही मिटत नाही.

ही जाण आधुनिक युरोपची देणगी आहे, असेही कोणी समजू नये. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक हजार वर्षांहून अधिक जुने आहे, आणि माझ्या मते दुभंगलेल्या निष्ठेविषयी जगात जे काही लिहिले गेले आहे त्यात त्याची जागा फार वरची आहे. नंदकुळाचा नाश झाला आहे, चंद्रगुप्त गादीवर बसला आहे, आणि चाणक्याला एकच काम उरले आहे: नंदांचा अमात्य राक्षस याला चंद्रगुप्ताच्या बाजूला आणणे. राक्षस हवा तो त्याच्या निष्ठेसाठीच. धनी मेला तरी जो धन्याला सोडत नाही, तोच नव्या राजाचा मंत्री होण्याच्या लायकीचा, असा चाणक्याचा हिशेब आहे. त्यासाठी तो राक्षसाच्या छावणीभर आपली माणसे पेरतो. त्यांतला एक भागुरायण. त्याने शत्रुपक्षाचा राजपुत्र मलयकेतू याचा इतका विश्वास संपादन केला आहे, की राजपुत्र त्याच्या सल्ल्यावाचून पाऊल टाकत नाही. पाचव्या अंकात हाच भागुरायण क्षणभर थांबतो आणि स्वतःशी म्हणतो, की आपल्यावर इतकी माया करणाऱ्या या कुमाराला फसवायचे, हे किती कठीण आहे. पुढच्याच क्षणी तो आपल्या कामाला लागतो.

या एका वाक्यात दुहेरी हेराची सगळी वेदना मावली आहे. विशाखदत्ताने भागुरायणाला पश्चात्ताप दिलेला नाही आणि बंडही करू दिलेले नाही; त्याने त्याला फक्त दिसू दिले आहे, की समोरचा माणूस आपल्यावर प्रेम करतो. नाटकाचा शेवटही याच जागी येतो. राक्षसाचे कुटुंब लपवून ठेवल्याबद्दल त्याचा मित्र चंदनदास याला वधस्थानी नेले जाते, आणि मित्र वाचवायचा तर शत्रूचे मंत्रिपद स्वीकारण्यावाचून राक्षसाला गत्यंतर राहत नाही. धन्याशी इमान राखावे तर मित्र जातो, मित्र वाचवावा तर धन्याचे इमान जाते. तो मित्र वाचवतो. चाणक्याला ठाऊक होते, की राक्षसाला राज्याने किंवा धनाने वश करता येणार नाही. चंदनदासामुळे मात्र तो येईल.

राज्यशास्त्राने हे नेहमीच ओळखले आहे, आणि कोरडेपणाने वापरलेही आहे. दोन्हीकडून पगार घेणाऱ्या हेराला ‘अर्थशास्त्र’ उभयवेतन म्हणते, आणि असा हेर नेमताना त्याची बायकामुले आपल्या ताब्यात ठेवावीत, असे सांगते. कौटिल्याचे हे सूत्र कधीच जुने झाले नाही. ओलेग गोर्डिएव्हस्की या सोव्हिएत अधिकाऱ्याने १९७४ पासून ब्रिटनसाठी काम केले. १९८५ च्या जुलैत, पकडला जाण्याच्या बेतात असताना, ब्रिटिशांनी त्याला मोटारीच्या डिकीत लपवून फिनलंडच्या हद्दीत नेले. बायको लैला आणि दोन मुली मात्र मागे राहिल्या. नवरा परक्या देशासाठी हेरगिरी करतो, हे लैलाला ठाऊकही नव्हते. सहा वर्षे सोव्हिएत सरकारने त्यांना देश सोडू दिला नाही, आणि १९९१ मध्ये भेट झाली तेव्हा तो संसार पुन्हा उभा राहिला नाही.

गोर्डिएव्हस्कीला पाश्चात्त्य जग वीर मानते आणि फिल्बीला द्रोही. १९९० मध्ये सोव्हिएत टपाल खात्याने फिल्बीच्या चित्राचे तिकीट काढले. तिथे तो वीर होता. माझ्या मते दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. एकाने स्टालिनच्या राजवटीची चाकरी केली, आणि त्याच्या माहितीमुळे माणसे मेली. दुसऱ्याने एका दडपशाहीच्या यंत्रणेकडे पाठ फिरवली, आणि त्याच्या माहितीमुळे ऐंशीच्या दशकात अणुयुद्धाचे गैरसमज टळायला मदत झाली. ध्येयांमध्ये फरक असतो आणि तो सांगितलाच पाहिजे. तरीही लैलाने काय गमावले, या प्रश्नाचे उत्तर नवरा योग्य बाजूला होता म्हणून बदलत नाही. चांगली हेरकथा आपल्याला हे दोन्ही एकाच वेळी मनात धरायला लावते. वृत्तपत्राच्या मथळ्यात, संसदेतल्या भाषणात किंवा न्यायालयाच्या निकालात अशी जागा नसते. कथेत असते, म्हणून लोक कथेकडे येतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. अशा कथांमुळे द्रोहाला वलय मिळते; समजून घेण्याच्या नावाखाली वाचक हळूहळू माफ करू लागतो. फिल्बीच्या बाबतीत हे घडलेही आहे. त्याचे मद्यपान, त्याचे मोहक बोलणे, त्याचा उच्चभ्रू बेफिकीरपणा यांवर पानेच्या पाने खर्ची पडली आणि व्होल्कोव्हच्या वाट्याला एखादा परिच्छेद आला. पण यावरचा उपाय दुहेरी माणसाच्या कथा न सांगणे हा नाही. ज्याला फसवले गेले, त्याला कथेत पुरी जागा दिली की वलय आपोआप उतरते. एलिनॉर समोर असताना फिल्बीच्या मोहकतेला भुलणे कठीण होते.

आपल्या देशातली या विषयाची सर्वांत विलक्षण कहाणी मात्र आपल्याकडेच फारशी सांगितली गेलेली नाही. जानेवारी १९४१ मध्ये सुभाषबाबू कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरच्या घरातून रात्री निसटले आणि पेशावरमार्गे काबूलला पोहोचले, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. मुक्या-बहिऱ्या पठाणाच्या वेषातल्या सुभाषबाबूंना डोंगरवाटांनी काबूलपर्यंत सोबत करणारा ‘रहमत खान’ म्हणजे भगतराम तलवार. त्याचा भाऊ हरिकिशन याने डिसेंबर १९३० मध्ये लाहोरला पंजाबच्या गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या होत्या आणि १९३१ मध्ये त्याला फाशी झाली होती. भावाला फासावर देणाऱ्या सरकारविरुद्ध उभा राहिलेला हा तरुण सुभाषबाबूंना काबूलला पोहोचवून थांबला नाही. तो इटालियनांच्या आणि मग जर्मनांच्या विश्वासातला माणूस झाला. सुभाषबाबू बर्लिनमध्ये असताना त्यांचा भारताशी दुवा म्हणून जर्मन त्याच्यावर विसंबून राहिले, त्याला पैसे देत राहिले, पदकाचाही मान त्यांनी त्याला दिला. पण भगतराम मनाने साम्यवादी होता. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर चढाई केली, आणि त्याने आपली बाजू ठरवली. तो सोव्हिएत संघाकडे गेला; पुढे सोव्हिएत आणि ब्रिटिश दोस्त झाल्यावर ब्रिटिशांनी त्याला ‘सिल्व्हर’ या सांकेतिक नावाने वापरले, आणि दिल्लीहून जर्मनांना रचलेल्या खोट्या बातम्या पाठवल्या गेल्या. जपान्यांनाही त्याने झुलवले. पाच देशांचा हेर असे त्याचे वर्णन केले जाते.

त्याला काय म्हणायचे? सुभाषबाबूंच्या बाजूने पाहिले तर ज्याच्या हाती त्यांनी जीव सोपवला होता, तोच पुढे त्यांच्या मित्रराष्ट्रांना फसवत होता आणि भावाच्या मारेकऱ्यांशी संगनमत करून होता. त्याच्या स्वतःच्या बाजूने पाहिले तर नाझींचा पराभव व्हायलाच हवा होता, आणि त्या पराभवाला हातभार लावताना कोणाशी हात मिळवावा लागतो, हा प्रश्न दुय्यम होता. नाझींविषयी तो बरोबर होता, असे मला वाटते. सुभाषबाबूंचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. १९७६ मध्ये त्याने आपल्या कुटुंबाची आणि त्या पलायनाची हकिकत प्रसिद्ध केली. ब्रिटिशांसाठी केलेल्या कामाविषयी त्याने त्यात मौन पाळले. स्वतंत्र भारतात त्या अर्ध्या आयुष्याला सांगता येईल अशी जागाच त्याला दिसली नसावी.

आज आपल्याकडे पडद्यावर हेरकथांचे पीक आले आहे. त्यांतल्या बहुतेकांत नायकाचा वेष दुहेरी असतो, मन मात्र एकसंध. तो शत्रूच्या देशात दाढी वाढवून राहतो, पण तिथल्या कोणाशी त्याचे नाते जडत नाही; जडलेच तर ते माणूस लगेच शत्रू तरी निघते किंवा मरते तरी, म्हणजे नायकाला काही ठरवण्याची वेळच येत नाही. मी त्यांना दुहेरी आयुष्याच्या कथा मानत नाही. त्या वेषांतराच्या कथा आहेत. २०१८ चा ‘राझी’ हा चित्रपट त्यामुळेच ठळकपणे वेगळा उठून दिसला. १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून गेलेली काश्मिरी मुलगी तिथे हेरगिरी करते. ते सासर क्रूर नाही. नवरा समंजस आहे, तिच्या कलाने घेणारा आहे, आणि जिच्यावर विश्वास टाकला ती कोण आहे हे कळल्यावरचा त्याचा चेहरा प्रेक्षकाला टाळता येत नाही. त्या चित्रपटाने देशाविषयीच्या प्रेमात तसूभरही कमतरता दाखवली नाही, आणि तरी त्या प्रेमाची किंमत कोणी चुकती केली हे दाखवले. प्रेक्षकांनी त्याला भरभरून प्रतिसाद दिला. आपल्या प्रेक्षकाला एकरेषीय देशभक्तीच हवी असते, हे निर्मात्यांचे गृहीतक तिथे खोटे ठरले.

मराठी मनाला हा विषय परका असण्याचे तर काहीच कारण नाही. सतराव्या शतकातला दख्खन हा बदलत्या चाकरीचा मुलूख होता. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्यामध्ये सरदारांची घराणी येत-जात असत, आणि कधी एकाच घराण्यातले दोन भाऊ समोरासमोरच्या छावण्यांत असत. तो सगळा गुंता आपल्या लोकस्मृतीने दोन नावांत बसवून टाकला आहे: निष्ठेसाठी बहिर्जी नाईक आणि फितुरीसाठी सूर्याजी पिसाळ. बहिर्जींविषयी समकालीन कागदांत फार थोडे सापडते, आणि पिसाळाच्या माथी मारलेल्या दोषाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण १६८९ मध्ये रायगड पडल्याचे खापर एका नावावर फोडले की पुढे विचार करावा लागत नाही.

नेताजी पालकरांचे काय करायचे, हे मात्र या दोन नावांच्या हिशेबात बसत नाही. शिवाजी महाराजांचा सरनोबत १६६६ मध्ये स्वराज्य सोडून आधी विजापूरकरांकडे आणि मग मोगलांकडे जातो. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेब त्याला कैद करवतो. तो मुसलमान होतो, मुहम्मद कुलीखान होतो, आणि काबूलच्या बाजूला मोगलांची चाकरी करतो. वाटेत पळून जाण्याचा त्याचा एक प्रयत्न फसतो. सुमारे दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, तो परत येतो आणि महाराज त्याला शुद्ध करून घेतात. आपण शेवटचा प्रसंग आवडीने सांगतो, कारण त्यात महाराजांचे मोठेपण आहे. मधली दहा वर्षे आपण उडी मारून ओलांडतो.

त्या वर्षांत नेताजी रोज सकाळी कोणत्या नावाने उठत होता. सोबतच्या मोगल शिपायांपैकी कोणी त्याचा मित्र झाला होता का. लढाईत ज्याने त्याला वाचवले असेल, त्याला सोडून दक्षिणेला निघताना तो काय म्हणाला. आणि परत आल्यावर, सरनोबत म्हणून ज्यांना तो एकदा सोडून गेला होता, त्या जुन्या स्वारांनी त्याच्याकडे कसे पाहिले? कागदपत्रांत याची उत्तरे नाहीत, म्हणून हे काम इतिहासकाराचे नाही, कादंबरीकाराचे आहे. नेताजीला आधी निर्दोष ठरवून किंवा आधी दोषी ठरवून ते होणार नाही. मराठीत ऐतिहासिक कादंबरीला वाचकांची कमतरता कधीच नव्हती. त्या वाचकांना ही दहा वर्षे कोणी प्रामाणिकपणे लिहून द्यावीत, मोगल छावणीतल्या त्या नाव नसलेल्या मित्रासकट.